‘१९९८चा सीलबंद टूपाक’ : माझे २२० डॉलर कसे गेले

अमेरिकन रॅपर टूपाक शकूरचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ विनाइलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकडीवर, शोधत असाल आणि समोरचा ‘ओरिजिनल १९९८, सील फोडलेलं नाही’ म्हणत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मी दिले. २२० डॉलर.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहतो. टूपाक वयाच्या सतराव्या वर्षी इथल्या मरिन सिटीत आला, ओकलंडच्या डिजिटल अंडरग्राउंड या हिप-हॉप ग्रुपबरोबर नाचता-नाचता रॅपर झाला. त्यामुळे इकडे पन्नाशीच्या प्रत्येक माणसाकडे टूपाकची एक गोष्ट असते. जुन्या सामानाच्या जाहिरातीतून भेटलेल्या या गृहस्थांकडे तीन होत्या. रेकॉर्ड म्हणे वारलेल्या भावाची, त्याने ती कधी उघडलीच नाही. पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीवर ठेवून त्यांनी ती असल्या मायेने पुसली की घासाघीस करायची मलाच लाज वाटली.

हा अल्बम मला का हवा होता तेही सांगतो. टूपाक सप्टेंबर १९९६मध्ये गेला, हा संग्रह नोव्हेंबर १९९८मध्ये आला. सीडीवर दोन चकत्या, विनाइलवर चार. पण ही नुसती जुन्या गाण्यांची मोळी नव्हे. ‘चेंजेस’ अल्बमवर पहिल्यांदा आलं ते इथेच. आणि ‘कॅलिफोर्निया लव्ह’! टूपाकच्याच ‘ऑल आइझ ऑन मी’ अल्बममध्ये त्याचा रीमिक्स, म्हणजे बदललेली आवृत्ती, आहे. गायक जो कॉकर याच्या गाण्यातल्या पियानोच्या तुकड्यावर निर्माता डॉ. ड्रेने बांधलेलं मूळ गाणं, जे व्हिडिओत वाजायचं, ते हवं तर एक तर त्या एकाच गाण्याची वेगळी निघालेली सिंगल शोधा नाही तर हा संग्रह घ्या. पुण्याला हॉस्टेलवर आमच्याकडे हे सगळं एका एमपीथ्री सीडीवर होतं. पायरेटेड, अर्थातच. तेव्हाचं पाप फेडावं म्हणून तरी खरी प्रत घरात असावी, असं वाटायचं.

घरी आल्यावर सील फोडलं आणि ‘कॅलिफोर्निया लव्ह’ असलेली बाजू आधी लावली. सुई टेकली, गाणं सुरू झालं, आणि तो पियानो आलाच नाही. रीमिक्स वाजत होता. कव्हर ‘ग्रेटेस्ट हिट्स’चं, गाणं दुसऱ्याच अल्बमचं. म्हणजे ज्याने कोणी ही छापली त्याने नेटवरून हाताला लागेल ते ‘कॅलिफोर्निया लव्ह’ उचललं होतं.

मग ‘चेंजेस’ लावलं. ड्रमच्या झांजेचा, हाय-हॅटचा, आवाज पाण्याखालून आल्यासारखा, सळसळ विरघळलेली. हा आवाज मी ओळखतो, दोन वर्षं हॉस्टेलवर हाच ऐकलाय! तरी खात्री म्हणून लॅपटॉपवर रेकॉर्ड करून आवाजाच्या कंपनसंख्यांचा आलेख काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सपाट. हलक्या दर्जाचा एमपीथ्री असाच कापलेला असतो. तबकडीवर शेवटच्या चरानंतर जो कोरा पट्टा असतो, तिथला छपाईचा नंबर कोणीतरी टोच्याने घाईत ओढलेला. कव्हरच्या मागची बारीक अक्षरं भिंगातून पाहिली तर कडा फुटलेल्या, मूळ कव्हर स्कॅन करून छापल्यावर होतात तशा.

पण खरी चपराक पुढे होती. फाडलेलं प्लॅस्टिक कचऱ्यातून, चहाच्या चोथ्याखालून, बाहेर काढलं. त्यावरचं गोल स्टिकर अभिमानाने सांगत होतं : एक कोटीचा खप, डायमंड सर्टिफाइड (अमेरिकेत एक कोटीच्या खपाला मिळणारा किताब). आता, या अल्बमला डायमंड मिळालं ते २०११मध्ये. तेही डबल अल्बमची प्रत्येक प्रत दोन मोजतात म्हणून, प्रती साधारण पन्नास लाखच. मला हे पाठ होतं, मित्रांशी यावर वादही घातलेत. १९९८पासून बंद असलेल्या पाकिटावर २०११ची बातमी होती, ती मी डिकीपाशी उभा राहून वाचली होती आणि ‘वा, स्टिकरसुद्धा शाबूत’ म्हणालो होतो.

पैसे परत मिळाले नाहीत. गृहस्थांनी पेमेंट अॅपवर ‘मित्र/नातेवाईक’ हा पर्याय निवडायला लावला होता, ‘फी कशाला भरायची’ म्हणून. खरेदी अशी नोंदच नाही, त्यामुळे तक्रारीला आधार नाही. शिवाय सील मी फोडलेलं. लक्षात घ्या, सील हाच या धंद्याचा कणा आहे : फोडल्याशिवाय नंबर दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि फोडलं की माल तुमचा. उघडलेली प्रत मागा. सुरकुतलेली चालेल, पण तिथल्या तिथे वाजवून दाखवा म्हणावं. नाही म्हणाला तर घरी जा.

रागाच्या भरात मी त्या माणसाला लांबलचक मेसेज केला. रीमिक्सबद्दल लिहायचं सुचलं नाही, पण स्टिकर आणि २०११चं गणित मात्र सविस्तर समजावून सांगितलं. त्याने मला ब्लॉक केलं.

तीन आठवड्यांनी बायकोच्या फोनवरून पाहिलं तर तीच जाहिरात, तोच वारलेला भाऊ, तसंच पाकीट, किंमत २४० डॉलर. फक्त स्टिकर काढून टाकलेलं.