१९९८ ची जिप्सी किंग: चौदा महिने आणि १,१६,००० रुपये

मी गुरांची डॉक्टर. राधानगरी-गगनबावड्याकडच्या वाड्यांवर जाते. सहा पावसाळे मोटारसायकलला लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर बांधून धनगरवाड्यांच्या चढणी चढले. कंटेनर कलंडून नायट्रोजन सांडलं की आतल्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा वाया जातात, आणि ज्याची म्हैस माजावर आलेली असते त्याचे पुढच्या माजापर्यंतचे एकवीस दिवस जातात. म्हणून चारचाकी हवी होती, तीही चिखलातून वर जाणारी. नवी घेण्याची ऐपत नव्हती. १,१५,००० रुपयांना मारुतीची जिप्सी किंग घेतली: चारही चाकांना ताकद देता येणारी, आणि कार्ब्युरेटरवाली, म्हणजे इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळायची जुनी पद्धत असलेली.

जिप्सीच का? वजन. जुन्या डिझेल जीपचं इंजिन दमदार असतं, पण गाडी जड. जिप्सी टनभराच्या आतबाहेर. १२९८ सीसीचं, ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन तेवढ्या वजनाला पुरतं, आणि लाल मातीच्या चिखलात हलकी गाडी रुतली तरी चार माणसं ढकलून काढतात. पुढेमागे दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे खाली नाजूक असं फारसं काही नाही.

विकणाऱ्याने नवा रंग मारून दिला होता. मी त्या रंगाला भुलले नाही, पण खालचा पत्राही तपासला नाही. गाडी रॅम्पवर चढवल्यावर मिस्त्रीमामांनी स्क्रू-ड्रायव्हर पेडलखालच्या पत्र्यात टोचला, तो आरपार गेला. मागच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीजवळ) चॅसिसलाही, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाही, गंज होता, वर डांबरासारखं काळं फासलेलं. त्या दिवशी मी खूप रडवेली झाले. मामा एवढंच म्हणाले, “डॉक्टर, टायर-बंपर सगळं नंतर. आधी हाडं धरू.”

चौदा महिन्यांत दुरुस्तीचे १,१६,००० रुपये त्याच क्रमाने गेले. फ्लोअर आणि चॅसिसची वेल्डिंग, ३४,०००. पुट्टी भरायची नाही, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, आणि जोड निवला की आतून-बाहेरून गंजरोधक रंग, हे मी आधीच ठरवून घेतलं होतं.

मग पुढची चाकं. साठच्या वेगाला स्टिअरिंग इतकं थरथरायचं की हात दुखून यायचे. दोन दुकानांत व्हील बॅलन्सिंग करून घेतलं, उपयोग शून्य. दोष नकलमध्ये, म्हणजे पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यात होता: किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) वरची-खालची बेअरिंगं झिजलेली, आतलं सील गेलेलं, त्यामुळे डिफरन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ झालेलं आणि तेच ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचलेलं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं, सीलं, शिमा (पातळ चकत्या) घालून घट्टपणा जुळवणं, १४,५००. थरथर गेली. जिप्सी बघायला जाल तेव्हा पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूचा तो गोळा पुसून बघा. बाहेर ऑइल ओघळलेलं असेल तर हा खर्च किमतीतून कमी करून मागा. ब्रेकचं काम ११,५००.

पुढचे पाटे ६,००० मध्ये भरून घेतले. शॅकलच्या पिना कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवर करून आणल्या. ते कारागीर जुनी पिन हातात घेऊन कुठे किती झिजली ते बोटाने सांगतात, मग मायक्रोमीटर लावतात. माझी गाडी आज रस्त्यावर आहे ती अशा हातांमुळे.

कार्ब्युरेटर खोलून साफ केला, त्यातला डायफ्राम (पातळ पडदा) आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, ७,०००. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, म्हणून गळती दिसण्याची वाट बघू नका. वायरिंगला ५,०००, वरच्या कापडी हूडला १२,०००. टायर शेवटी, चार मिळून २६,०००. मूळ मापाचेच घेतले. रुंद टायर दिसतात छान, पण स्टिअरिंग जड होतं आणि माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही.

चालवायला कशी? डांबरी रस्त्यावर आवाज आणि हादरे भरपूर, लिटरला नऊ-दहा किलोमीटर. लांबच्या प्रवासासाठी ही गाडी मी कुणालाही सुचवणार नाही. पण चढणीच्या पायथ्याशी उतरून पुढच्या चाकांचे दोन्ही हब (मधल्या चकत्या) ‘लॉक’वर फिरवायचे, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकायचा, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून द्यायचा. मग ती माणसाच्या चालीने, न घसरता वर जाते. वर पोचून कोरडा रस्ता लागला की टू-व्हीलवर आणायची. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने डांबरावर फोर-व्हीलमध्ये ठेवली तर वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

कागदपत्रं मात्र घेण्याआधीच पाहा. नोंदणीची मुदत, चॅसिस नंबर खरवडलेला तर नाही ना, पर्यावरण कर भरला आहे का. वीस वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये आहे, ती हिशेबात धरा.

कंटेनरसाठी मागच्या सीटच्या जागी लोखंडी कडं वेल्ड केलं, आत जुन्या ट्यूबचं रबर. गेल्या पावसाळ्यात तो एकदाही कलंडला नाही. मागचे पाटे अजून बाकी आहेत. तेवढे पैसे दिवाळीपर्यंत जमतील.