ऑइलचा दिवा विझवण्याचे साडेएकतीस हजार

ज्यांच्या गाडीला ऑइल प्रेशरचा काटा नाही, नुसता तांबडा दिवा आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. तो झारीसारख्या चिन्हाचा दिवा चावी फिरवली की, इंजिन सुरू व्हायच्या आधी, लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे. माझ्या गाडीचा दिवा एका गॅरेजवाल्याने असा विझवला की तो परत कधी लागलाच नाही, आणि या कामाचे त्याने साडेएकतीस हजार रुपये घेतले.

गाडी मारुती ८००, २००४ ची. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून घेतली, पुढे पाच वर्षांनी पुन्हा वाढवली. गावातल्या बोळांतून दुसरी कुठली गाडी जात नाही, म्हणून ठेवली आहे. एप्रिलच्या उन्हात पुण्याहून येत होतो. खंबाटकी चढून आलो आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस दिली की जायचा, सोडली की परत यायचा. बाजूला घेऊन ऑइलची पट्टी पाहिली, पातळी बरोबर होती. गाडी तशीच रेटायची नाही एवढं ठाऊक होतं. टो करून साताऱ्याच्या अलीकडच्या एका गॅरेजात नेली.

तिथला मिस्त्री बोलायला एकदम गोड. मी शिक्षक आहे कळल्यावर दर वाक्याला ‘सर’. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली, मलाही ऐकायला लावलं. "ऐकताय ना सर? बेरिंग बोलतंय. प्रेशर बसलंय. अशीच कराडला नेली तर वाटेत जाम होणार." मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट ढिला करून थोडं ऑइल तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात बारीक चकाकणारे कण होते. ते माझ्याच इंजिनातले होते का, हे आज मी सांगू शकत नाही.

तो बोलत होता ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, आणि इथेच माणूस अडकतो. बेरिंग झिजली की फटी वाढतात, गरम होऊन पातळ झालेलं ऑइल त्यातून निसटतं, आणि आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, दिवा लुकलुकतो. लक्षण तंतोतंत तेच. पण हेच लक्षण दिवा लावणाऱ्या प्रेशरच्या स्विचमधल्या बिघाडाचंही असतं, चुकीच्या ग्रेडच्या ऑइलचंही, तुंबलेल्या जाळीचंही. कार्बोरेटरवाल्या जुन्या ८०० मध्ये पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, त्याचंही. (पट्टीचा वास घ्या, लगेच कळतं.) यांतलं नेमकं कुठलं, हे कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ठरत नाही. स्विच काढून त्याच जागी प्रेशर गेज लावायचं, इंजिन गरम करायचं आणि काटा वाचायचा. मी गेजबद्दल विचारलंही होतं. "ते कंपनीवाल्यांचं नाटक सर, आमचा कानच गेज," असं म्हणून तो हसला.

क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा मशिनवर घासून घेणं), मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेरिंगं, ऑइल पंप, गॅस्केट किट, मजुरी, असा सगळा हिशोब त्याने तोंडी सांगितला. काढलेले पार्ट मला हवेत, ही अट मी आधीच घातली. तोही लगेच "हो की" म्हणाला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा अंधार पडत आला होता. इंजिन सुरूच करून ठेवलेलं, दिवा बंद, आवाज मऊ. साध्या लेटरपॅडवर ‘इंजिन काम पूर्ण’ एवढं लिहून खाली रक्कम, आणि तेलकट प्लास्टिकच्या पिशवीत जुनी बेरिंगं. पैसे मोबाइलवरून दिले.

इंजिनकाम केलेल्या गाडीला सुरुवातीला जोर देऊ नका, पाचशे-हजार किलोमीटरवर ऑइल बदला, असं कुठलाही मिस्त्री बजावून सांगतो. याने एक शब्द काढला नाही.

कराडला आमच्या भागात एक वयस्क मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पुढे ब्रेकच्या कामाला गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी चावी फिरवली आणि हात तिथेच थांबवला. "सर, ऑइलचा दिवा कुठाय?" बॅटरीचा लागला होता, ऑइलचा नाही. बल्ब उडाला असेल म्हणून आधी स्विचपाशी आलेली वायर शोधली. ती काढून, टोकाला काळी टेप गुंडाळून, दुसऱ्या वायरींच्या जुडग्यामागे खोचलेली होती. टेप सोडून टोक इंजिनला टेकवलं तर दिवा लख्ख. बल्ब ठणठणीत होता. हा स्विच साधा असतो. प्रेशर नसलं की तो वायर इंजिनच्या बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो, प्रेशर चढलं की तोडतो. वायरच काढली तर इंजिनात थेंबभर ऑइल नसलं तरी दिवा लागणार नाही.

मग मामा गाडीखाली गेले आणि मलाही वाकून बघायला लावलं. चेंबरच्या कडेच्या बोल्टांवर जुनी काळी चिकट माती जशीच्या तशी बसलेली. पाना लागला असता तर ती कोपऱ्यांवरून निघाली असती. फक्त ऑइल सोडायचा नट चकचकीत होता. म्हणजे चेंबर उतरलंच नव्हतं, आणि चेंबर न उतरवता बेरिंगं बदलता येत नाहीत.

मी घरून पिशवी आणली. मामांनी बेरिंगं फडक्यावर ओळीने मांडली. कनेक्टिंग रॉडचे अर्धे तुकडे, सगळे एका मापाचे, आठ. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन रॉड, प्रत्येकाला दोन अर्धे, म्हणजे सहा. आठ निघतात ते चार सिलिंडरच्या गाडीतून. कुणाच्या तरी भलत्याच गाडीचं भंगार मला पुरावा म्हणून बांधून दिलं होतं!

क्रँक ग्राइंडिंगचंही तसंच. लहान गॅरेजात ते मशिन नसतं, क्रँक बाहेर मशिनशॉपला जातो, तिथली वेगळी पावती असते आणि नव्या बेरिंगच्या पाठीवर ०.२५ वगैरे माप छापलेलं असतं. आता कुणी इंजिनकामाचं नाव काढलं की मी मशिनशॉपची पावती मागतो. बरेच मिस्त्री आनंदाने देतात. कुरकुरतात ते ठरावीकच.

तपासणी मामांनी नीट केली, घाईने निकाल दिला नाही. चेंबरमध्ये घट्ट ऑइल आणि वर कसलंसं ॲडिटिव्ह ओतलेलं होतं. तसंच मोजलं असतं तर आकडा फुगून आला असता. म्हणून आधी ते सोडलं, योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घातला, मग गेज जोडून गाडी पंखा सुरू होईपर्यंत तापवली. आयडलिंगला काटा पंधरा पौंडांच्या वर, रेसला पन्नासच्या आसपास. दिवा लागायला प्रेशर पाचेक पौंडांच्या खाली यावं लागतं. इंजिनाला काहीच झालं नव्हतं. जुन्या स्विचची टोपी काढली तर आत ऑइल पाझरलेलं, बिघडला होता तो एवढाच. नवा स्विच दोनशे रुपयांच्या आत आला.

मला राहवेना. विचारलं, दोनशेचा स्विच तरी त्याने का टाकला नाही? मामा म्हणाले, "स्विच टाकला असता तर पुढंमागं दिवा परत लागला असता आणि तुम्ही त्याच्या दारात गेला असता. वायर काढली की गिऱ्हाईकच येत नाही."

पैशांपेक्षा माझा संताप यावर आहे. उद्या खरोखर फिल्टर गळून ऑइल गेलं असतं, तर घाटात काहीही सूचना न मिळता इंजिन जाम झालं असतं, आणि मागच्या सीटवर माझी आई असते.

फोटो, पिशवी आणि मामांनी लेखी दिलेला गेजचा आकडा घेऊन मी त्या गॅरेजात गेलो. आधी "तुम्ही गाडी दुसरीकडे उघडली, आता जबाबदारी आमची नाही," मग आवाज खाली आणून "निम्मे घ्या आणि मिटवा." मी नको म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथे त्याने दाद दिली नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. लेटरपॅडचा तो कागद आणि मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, दोन्ही जोडलं आहे.

त्याचं लेखी उत्तर आलं आहे. वायर ग्राहकाने स्वतःच काढली असावी, आणि दोन बेरिंगं नजरचुकीने जास्त गेली, असं त्यात म्हटलं आहे. बोल्टांवरच्या मातीबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नाही.