देशी फुलझाडांची रोपवाटिका: कोरांटी उत्तम, विष्णुक्रांत बनावट

जळगाव-धुळे महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेने 'मधमाश्यांसाठी देशी फुलं' असा वेगळा वाफा केला आहे. दसऱ्यानंतर फुलणारी बहुवर्षायू झाडं एका जागी मिळणं खानदेशात दुर्मिळ, म्हणून आधी कौतुक.

इथली पिवळी काटेरी कोरांटी डोळे मिटून घ्यावी. तीस रुपयांत छाटकलमाचं, दोन-तीन फाटे फुटलेलं रोप मिळतं. फुलाची नळी लांब, त्यामुळे मध लांब सोंडेच्या माश्यांना नि फुलपाखरांना लाभतो.

तरवडाची रोपं मात्र घेऊ नयेत. दोन फुटी रोप छोट्या पिशवीत वाढवलंय. पिशवी फाडली की तळाशी सोटमूळ जिलबीसारखं गुंडाळलेलं दिसतं. ते खोल जात नाही आणि मे महिन्यात 44-45 अंशांत झाड वाळतं. त्यांच्याकडचं बी घ्या. उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, फुगलेलं तेवढंच जूनमध्ये जागेवर अर्धा इंच खोल टोका. तरवडात मध नसतो, फक्त पराग. तोही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून निघतो, भुंग्याने फूल धरून गुणगुणत हलवलं की. जवळ एखादा वाळका बांबू ठेवा, भुंगे त्यात घर करतात.

'विष्णुक्रांत' म्हणून विकतात ते दक्षिण अमेरिकेतलं शोभेचं झुडूप. फूल रुपयाच्या नाण्याएवढं असेल तर घेऊ नका. आपली विष्णुक्रांत जमिनीलगत पसरते, काड्या बारीक, फूल जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. याच वाफ्यात मादागास्करची सदाफुली आहे, हेही चुकीचंच.

फवारणीबद्दल विचारा. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी ओतलं असेल तर ते मधात आणि परागात उतरतं. तसं असेल तर पहिला बहर खुडून टाका.

त्यांच्या माहितीपत्रकात 'खड्डा करून आळं करा' असं आहे. काळ्या जमिनीत ते नडतं: ऑगस्टच्या झडीत पाणी तुंबतं, कोरांटीची मुळं कुजतात, पानं खालून पिवळी पडतात. त्याऐवजी दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत घेऊन नऊ इंच उंच वरंबा करा. अडीच-अडीच फुटांवर तीन कोरांट्या एकत्र लावा, एकेकटी नको. छाटणी फेब्रुवारीत, बहर सरल्यावर, गुडघ्याएवढी ठेवून. सप्टेंबरात छाटलीत तर कळ्यांचे शेंडेच जातात.