झिरो-पॉइंट प्लेट: आठ महिने वापरल्यावर

व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) टेबलवर चार रिसीव्हरची झिरो-पॉइंट प्लेट बसवून आठ महिने झाले. म्हणजे अशी बेस प्लेट, जिच्यावरची सब-प्लेट काढून परत ठेवली तरी दर वेळी त्याच जागी बसते; तिचे स्टड पकडणारे खाचे म्हणजे रिसीव्हर. घेताना डोक्यात एकच होतं, व्हाइसला (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारा शिकंजा) डायल लावून तो सरळ करायची कटकट संपावी. बोल्ट अर्धवट आवळा, फिक्स जॉवरून डायल फिरवा, नायलॉन हातोडीने टकटक करत काटा शून्यावर आणा, आणि शेवटचा बोल्ट आवळताना तो परत ०.०२ मिमी हललेला बघा. दोन व्हाइस असले की पाऊण तास गेलाच.

आता व्हाइस सब-प्लेटवर कायमचे बसलेत, खाली पुल-स्टड (रिसीव्हरमध्ये जाणारे खुंटे). ६ बार हवा दिली की रिसीव्हर उघडतात, हवा काढली की आतल्या स्प्रिंगा स्टड खेचून धरतात. म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला तरी जॉब सुटत नाही. (याची मला आधी उगाच धास्ती होती.) सब-प्लेट दहा वेळा काढून बसवली, डायलवर फरक ०.००५ मिमीच्या आत.

पण खरा वेळ वाचला तो प्लेट पटकन बसते म्हणून नाही. मशीन पहिल्या सब-प्लेटवर चालू असताना दुसरी सब-प्लेट बेंचवर जॉब भरून तयार असते, तिथे वाचला. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो सांगायचे तेच: मशीन बंद ठेवूनच करावं लागणारं काम वेगळं काढा, बाकीचं बाहेर न्या. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर ऑपरेटर मशीन थांबवूनच नवीन प्लेट भरत होता आणि मी वैतागत होतो की एवढा खर्च करून फरक कुठे पडला.

दुसरा फायदा एका लोडिंगला चार जॉब घेण्याचा. पूर्वी प्रत्येक जॉबला नऊ टूल बदलायची. एका बदलाला ५ सेकंद धरले तरी जॉबमागे ४५ सेकंद त्यातच. आता एक टूल जी५४ ते जी५७ (प्रत्येक जॉबचा शून्यबिंदू निवडणारे कोड) असं चारही जॉबवर फिरून मगच बदलतं. तेच ४५ सेकंद चौघांत वाटले जातात. उलट बाजूही आहे: एंडमिल (कापणारं टूल) मधेच झिजली तर एक नाही, चार जॉब भंगारात. टूल किती चाललं ते मोजणारा टूल लाइफ काउंटर आम्ही त्यानंतरच लावला.

सगळ्यात महाग पडलेली चूक ऑफसेटची, म्हणजे जॉबचा शून्यबिंदू कुठे आहे ते मशीनला सांगणाऱ्या आकड्यांची. प्लेट बदलली, ऑफसेट जुनेच राहिले आणि ड्रिल सरळ व्हाइसच्या जॉमध्ये. आता प्रत्येक प्लेटच्या कडेवर नंबर पंच केलाय आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच जी१० एल२ या कोडने त्या प्लेटचे आकडे भरले जातात. आमचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) फानुक कंपनीचा आहे. तिथे जी१०च्या आधी जी९० (आकडा थेट धरणारा कोड) आहे ना ते बघाच. जी९१ (आकडा वाढ म्हणून धरणारा) राहिलं तर नवा आकडा जुन्यात मिळवला जातो.

तक्रारी. पहिली चिप्सची. एकदा एका लॉटमध्ये १०० मिमीच्या जॉबवर दोन टोकांत ०.०३ मिमीचा फरक यायला लागला. प्रोग्रॅम तपासला, टूल बदललं, अर्धी शिफ्ट गेली. शेवटी सब-प्लेट उचलली तर रिसीव्हरच्या बसण्याच्या जागेवर ॲल्युमिनियमची केसासारखी चिप चपटी होऊन चिकटलेली. आता एअर गनने मारून, वर हाताचा तळवा फिरवल्याशिवाय प्लेट ठेवायची नाही असा नियम आहे. रिकाम्या रिसीव्हरला झाकणं लावतो, नाहीतर कुलंट आणि चिप्स आत साचतात.

दुसरी, झेडची (वर-खाली जाणारा अक्ष) उंची. बेस प्लेट, सब-प्लेट आणि व्हाइस मिळून इतकी जागा जाते की उंच जॉबला लांब ड्रिल लावलं की टूल बदलताना अंगावर काटा येतो. असे जॉब आम्ही अजून प्लेट काढून थेट टेबलवरच घेतो. पुल-स्टडचे बोल्टही दर महिन्याला टॉर्क रेंचने तपासावे लागतात. एक ढिला सापडला होता.

एक-दोन पीसची दुरुस्तीची कामं करत असाल तर या भानगडीत पडू नका, चांगला व्हाइस आणि डायल पुरे. तेच चार-पाच जॉब दर आठवड्याला फिरून येत असतील तर घ्या, पण सब-प्लेट एक जास्तीची घ्या. आम्ही दोनच घेतल्या, आणि आता तिसऱ्यासाठी थांबलोय.