नॉक सेन्सरचा हट्टी कोड आणि ब्लूटूथ स्कॅनर: बरेच महिने वापरल्यानंतर

जुन्या गाडीत नॉक सेन्सरचा (इंधन स्वतःहून पेटून इंजिनात होणारी ठकठक, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा सेन्सर) पी०३२७ किंवा पी०३२५ हा कोड पुसूनही परत परत येत असेल, तर हा अनुभव उपयोगी पडेल. माझी गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, वयाने बरीच जुनी. चेक इंजिनचा दिवा लागायचा, कोड पुसला की काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. पिकअप पडलेला आणि अ‍ॅव्हरेजही. एका गॅरेजमध्ये सेन्सर नवा बसवून झाला होता, तरी पी०३२७ परत आलाच. तेव्हा मी साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या पोर्टला लावून कोड वाचणारं यंत्र) घेतला, जोडीला घरातला मल्टिमीटर होताच. दोष सापडून, दुरुस्त होऊन आता बरेच महिने झालेत आणि स्कॅनरही भरपूर वापरून झालाय.

आधी कोड नीट समजून घेणं फार गरजेचं आहे. पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, पी०३२७ म्हणजे त्या सर्किटचा सिग्नल कमी, पी०३२८ म्हणजे जास्त. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर (वायर जोडणारा प्लग) येतो, वायर येते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा येतो. सेन्सर बिचारा साधा असतो: इंजिन ब्लॉकवर बोल्टने आवळलेला पिझो क्रिस्टल. ब्लॉक थरथरला की तो अगदी छोटा व्होल्टेज देतो. नॉकिंगची थरथर बहुतेक इंजिनांत साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते. ती दिसली की ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकतो. आणि सर्किटच बिघडलं असं वाटलं, तर इंजिन वाचवण्यासाठी टायमिंग कायमच मागे ठेवतो. पिकअप जातो तो इथे.

स्कॅनरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. माझ्याकडे दर वेळी एकच चित्र: इंजिन पूर्ण तापलेलं, आरपीएम अडीच हजारांच्या वर, गाडी चढावर. थंड इंजिनवर किंवा आयडलवर एकदाही नाही. म्हणजे उष्णता आणि इंजिनचं हलणं यांच्याशी काहीतरी संबंध होता, आणि नव्याकोऱ्या सेन्सरपेक्षा वायरवर संशय घेणं जास्त शहाणपणाचं होतं.

मल्टिमीटरचं काम इथून सुरू झालं. सेन्सरचा कपलर काढून मीटर एसी मिलिव्होल्टवर लावला आणि सेन्सरच्या बाजूला ब्लॉकवर पान्याने हलकं ठोकलं. प्रत्येक ठोक्याला आकडा उसळला, सेन्सर जिवंत. (रेझिस्टन्स मोजायचा तर आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. काही सेन्सर एक मेगाओहमच्या वर दाखवतात, काहींच्या आत रेझिस्टर असतो आणि ते शे-दोनशे किलोओहम दाखवतात. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्याला लावून चांगला सेन्सर फेकून देणारे खूप आहेत.)

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीयूकडचा कपलरही काढला आणि वायर तपासली. दोन्ही तारांची कंटिन्युइटी एकदम ठीक, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही. नॉक सेन्सरच्या तारांवर जाळीचं शिल्ड असतं, कारण सिग्नल इतका बारीक असतो की इग्निशनचा गोंधळ त्यात सहज मिसळतो. सिग्नलची तार आणि ही जाळी यांच्यात काहीच जोड दिसायला नको. थंड असताना दिसलाही नाही. पण गाडी चांगली तापवून, बंद करून लगेच मोजलं आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मागे वायर हाताने वाकवत गेलो, तेव्हा एका वळणावर मीटर सरळ काही ओहमवर आला. सोडली की पुन्हा ओपन. वरचं आवरण कापून पाहिलं तर आतलं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं आणि तांब्याची तार जाळीला टेकलेली. सिग्नल तिथेच अर्थ (ग्राउंड) होत होता, म्हणून ‘सिग्नल कमी’.

तेवढा तुकडा काढून शिल्ड असलेलीच नवी वायर टाकली, सोल्डर करून हीट श्रिंक चढवली आणि वायर गरम भागापासून लांब वळवली. जाळी मूळची ईसीयूच्या टोकालाच अर्थ होती, ती तशीच ठेवली. साधी वायर टाकून वेळ मारून नेऊ नका, कोड गेला तरी सिग्नलमध्ये कचरा येत राहतो. सेन्सर काढावा लागलाच तर टॉर्क रेंच वापरा. मधे भोक असलेल्या चपट्या सेन्सरला बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बसायची जागा स्वच्छ हवी आणि जादा वॉशर अजिबात नको.

दुरुस्तीचा पुरावाही स्कॅनरनेच दिला. त्याच चढावर, त्याच गियरमध्ये टायमिंग अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती लवकर पडते तो आकडा) आता आधीपेक्षा स्पष्ट जास्त दिसतो, आणि पायालाही ते जाणवतं. दिवा पुन्हा लागलेला नाही.

स्कॅनरच्या उणिवाही सांगतो. साध्या स्कॅनरवर नॉक सेन्सरचा सिग्नल स्वतः दिसत नाही, टायमिंगवरून अंदाज घ्यावा लागतो. एकदम बरेच आकडे लावले की स्क्रीन रेंगाळते, म्हणून टायमिंग, आरपीएम आणि लोड एवढेच ठेवा. आणि गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर तो पोर्टमधून काढून ठेवा, कारण इग्निशन बंद असतानाही तो बॅटरी खातो. एवढं सांभाळलं तर जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने तो घ्यावा असं माझं ठाम मत आहे, पण मल्टिमीटरसोबतच. वायरमधला दोष मला मल्टिमीटरनेच दाखवला.