ट्यूशन, घर की चॅटबॉट? दहावीच्या मुलाचे उत्तर सुधारायचे असेल तर

गोव्यात नववीचा निकाल लागला की पालक एकच प्रश्न घेऊन शाळेत येतात : "टीचर, ट्यूशन लावू काय याला?" मूल अभ्यासाला बसते, तोंडी विचारले तर सांगते, पण पेपरात गुण पडत नाहीत. मग कुणी क्लास लावतात, कुणी रात्री जेवणे आटोपल्यावर स्वतःच वही घेऊन बसतात. आता मोबाईलवरचा चॅटबॉट ही तिसरी वाट निघाली आहे, आणि बऱ्याच घरांत ती पालकांना न विचारताच निघालेली असते.

माझ्या मते या तिघांना एकाच प्रश्नावर जोखावे : मुलाने स्वतः लिहिलेले उत्तर इथे कुणी वाचतो का, आणि ते त्याला पुन्हा लिहायला लावतो का? बाकी नोट्स, टेस्ट सिरीज, एसी वर्ग हे सगळे नंतरचे.

गुण कुठे जातात ते आधी पाहू. आमच्याकडे खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी अडवलेल्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. समजा प्रश्न आहे : 'खाजन शेतीचा बांध फुटल्यास भातपिकावर काय परिणाम होतो? कारणे द्या. (गुण ३)' उत्तर साधारण असे येते : 'बांध फुटल्याने पाणी शेतात शिरते व पिकाचे नुकसान होते. शेतकऱ्यांना त्रास होतो.' यात चूक काहीच नाही, तरी गुण एकच. कुठले पाणी? भरतीचे, खारे. एरवी ते का शिरत नाही? कारण भरती आली की मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार पाण्याच्याच दाबाने बंद होते आणि ओहोटीला उघडते. बांध फुटला की या दाराला अर्थच उरत नाही. खाऱ्या पाण्याने नुकसान कसे होते? क्षार मातीत राहतात, मुळांना पाणी ओढता येत नाही, रोप करपते, आणि पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत पुढचे पीकही धड येत नाही. दिवाडी बेटावरच्या मुलाला हेच कोकणीत विचारा, मानशीच्या दारापासून सगळे सांगेल. कागदावर मात्र मधले दुवे गळतात, कारण 'टीचरला ते ठाऊकच आहे' असे तो धरून चालतो. त्यात शाळेत चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी आणि घरात कोकणी. माहीत असलेली गोष्ट इंग्रजी वाक्यात बसत नाही म्हणून तो ती सोडून देतो, आणि आपण म्हणतो अभ्यास कमी पडला.

दुसरी गळती प्रश्नाच्या क्रियापदावर. 'फरक स्पष्ट करा' म्हटले की मुले आधी एका गोष्टीवर परिच्छेद लिहितात, मग दुसरीवर. फरक म्हणजे एकाच मुद्द्यावर दोघांना समोरासमोर उभे करणे. ती जोडी जुळली नाही तर परीक्षक गुण कशाला देणार?

आता ट्यूशन. जे मूल घरी बसतच नाही, त्याला ठरलेल्या वेळी टेबलाशी बसवण्याचे काम क्लास चांगले करतो, हे मान्य. पण भरलेल्या बॅचमध्ये सरांना प्रत्येकाची वही वाचायला वेळ कुठला? मग 'आयएमपी' प्रश्न आणि तयार उत्तरे मिळतात. पेपर तपासताना एकाच वळणाची पाच-सहा उत्तरे लागोपाठ आली की क्लास ओळखू येतो. प्रश्न थोडा फिरवला की सगळी एकदम अडतात. टेस्टबद्दलही सांगते. शिक्षणातल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना फक्त शेरा दिला त्यांचे पुढचे काम सुधारले. गुण आणि शेरा दोन्ही दिले त्यांना तो फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल शेरा वाचत नाही, हे आम्ही वर्गात रोजच पाहतो. म्हणून फी विचारण्याआधी क्लासमधला एखादा तपासलेला पेपर मागा. त्यावर नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा आणि शेवटी बेरीज असेल, तर तो क्लास या कामाचा नाही. चार-पाच मुलांचा लहान वर्ग असेल आणि समासात 'कसे?', 'का?' लिहिलेले दिसले, तर पैसे वाया जाणार नाहीत.

घरी शिकवायचे म्हटले की पालक आधी हात वर करतात : आम्हाला इंग्रजी येत नाही, विज्ञान आठवत नाही. ते यायची गरजच नाही. मुलाला उत्तर कोकणीत किंवा मराठीत सांगायला लावा आणि मध्ये फक्त 'कित्याक?' (का?) आणि 'मागीर?' (मग?) एवढेच विचारा. दुवा जिथे तुटतो तिथे तो स्वतःच अडखळतो. मग पुस्तक मिटून तेच लिहायचे, आणि दोन दिवसांनी पुन्हा, पहिले न बघता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. तपासायला साधनही फुकट आहे. दहावीला गोवा बोर्डाची विज्ञानाची पुस्तके एनसीईआरटीचीच असल्यामुळे सीबीएसईच्या नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुणदान योजना कामाला येते. कुठल्या मुद्द्याला किती गुण हे त्यात स्पष्ट असते. बोर्डाचा साचा थोडा वेगळा, पण पायऱ्या मोजायची सवय तीच. इथली अडचण वेगळी : भांडणे. बाप चिडतो, आई शेवटी उत्तर सांगून टाकते आणि मूल ते उतरवून घेते. तुमच्या घरी रोज असेच होत असेल, तर हे काम मावशीवर किंवा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या ताईवर सोपवा.

चॅटबॉट रागावत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये पुढे आला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावात ४८ टक्के जास्त गुण मिळवले, आणि तो काढून घेतल्यावर परीक्षेत, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी. थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचे तसे नुकसान झाले नाही. म्हणजे मागणी कशी करता यावर सगळे आहे. 'या प्रश्नाचे उत्तर लिही' असे नको. आधी वहीत लिहा, फोटो काढा आणि म्हणा : 'उत्तर देऊ नकोस. माझ्या उत्तरात कोणता दुवा सुटला, तो प्रश्न विचारून दाखव.' गुण मात्र त्याला विचारू नका; तो कौतुक फार करतो. शिवाय अठराच्या आतल्या मुलांना काही सेवांवर पालकांची परवानगी लागते, तेव्हा तुमच्यासमोर वापरलेला बरा.

प्रोजेक्टमध्ये तर हा फरक लगेच दिसतो. चतुर्थीच्या सुट्टीत 'माटोळी' (गणपतीच्या वर टांगलेली फळा-फुलांची सजावट) हा विषय दिला की झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत पाने येतात : 'माटोळी ही निसर्गाशी नाते जपणारी परंपरा आहे.' सगळ्यांची सारखीच. एखादीच मुलगी लिहिते की आमच्याकडे कांगलां ही रानफळे आजोबाच आणतात, ती आता पूर्वीच्या डोंगरावर मिळत नाहीत, चिबूड आणि आंबाडे बाजारातून आणतो. हे आजीला विचारूनच येते. चॅटबॉटला पुढच्या टप्प्यावर आणा : माहिती गोळा झाल्यावर, मांडणीचा क्रम लावायला.

तर कुणाला काय? मूल बसतच नसेल तर लहान वर्गाची ट्यूशन. तोंडी येते पण लिहिता येत नाही, तर घर. आठवड्याला दोन-तीन उत्तरे पुरतात, रोज नको. मूल स्वतःहून बसते आणि घरी विचारायला कुणी नाही, तर वर सांगितलेल्या पद्धतीने चॅटबॉट, आणि महिन्यातून एकदा तीच वही विषय शिक्षकांना दाखवा. सुट्टीच्या तासाला दोन उत्तरे वाचायला बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. बोर्डाला महिना-दीड महिनाच उरला असेल, तर नवीन क्लास लावू नका. प्रवासात आणि नव्या नोट्स उतरवण्यात तेच दिवस जातात. त्याऐवजी पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर काढा आणि अर्धे गुण गेलेली उत्तरे तेवढी पुन्हा लिहून घ्या.