खाऱ्या पाण्याची टाकी: कोरडा दगड की जिवंत दगड?

टाकी भरली, मीठ विरघळलं, पाणी काचेसारखं नितळ झालं. पण मासे इतक्यात नकोत. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडावर वसायला हवेत.

कोरडा दगड स्वच्छ, पण त्यावर जिवाणू नसतात. त्यासाठी बाटलीतले जिवाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागरच, पण शुद्ध आणि बिनसुगंधी. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) न्यायचा आणि थांबायचं. टेस्ट किटमधलं पाणी आधी हिरवं, मग हळूहळू पिवळं. अमोनिया उतरला की नायट्राइट चढतं आणि तिथेच दोन-तीन आठवडे अडून बसतं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. एकूण चार ते सहा आठवडे धरा.

जिवंत दगड समुद्रातून जिवाणू घेऊनच येतो. वाटेत ओला राहिला असेल तर एक-दोन आठवड्यांतही काम भागतं. सुकला तर त्यावरचे जीव सडतात आणि अमोनिया भडकतो. शिवाय जांभळ्या शेवाळाबरोबर एप्टेशियासारखे (एक उपद्रवी समुद्रफूल, सी ॲनिमोन) आगंतुकही येतात. ते एकदा शिरले की हटता हटत नाहीत.

मी कोरडाच निवडेन. उशीर परवडला, एप्टेशिया नको.

परीक्षा मात्र दोन्हींची एकच: २ पीपीएम अमोनिया टाका. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा. मग पहिला मासा, एकच.